बांधलं मुंबईत, राखलं कुणी?

दर काही महिन्यांनी एक रील फिरत फिरत आपल्या फोनवर येतं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथल्या गोदीत तीन डोलकाठ्यांचं एक देखणं जुनं जहाज उभं आहे. ते 1817 साली मुंबईत बांधलं गेलं, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानात. आणि दोनशे वर्षांनंतरही ते पाण्यावर तरंगतंय.

इथपर्यंत सगळं खरं आहे. जहाजाचं नाव एचएमएस त्रिंकोमाली. ब्रिटनमध्ये आजही पाण्यावर असलेली ही सगळ्यात जुनी युद्धनौका. नेल्सनचं प्रसिद्ध व्हिक्टरी हिच्याहून जुनं आहे, पण ते कोरड्या गोदीत टेकवून ठेवलंय.

त्यानंतर रीलमध्ये ढोल वाजतात, तिरंगा फडकतो आणि खाली कमेंट्स सुरू होतात. गोऱ्यांना आपल्याशिवाय जहाजं बांधता येत नव्हती, वगैरे. माझं भांडण इथून सुरू होतं. या अभिमानात त्रिंकोमाली फक्त एक दिवस जगते: 12 ऑक्टोबर 1817, जलावतरणाचा दिवस. पुढची दोनशे वर्षं तिनं काय केलं, कुणासाठी केलं आणि ती वाचली कशी, याची चौकशी कुणी करत नाही. ती केली, तर आपला अभिमान जरा अडचणीत येतो. तो तसा यायला हवा.

सुरुवातीपासून बघू. नेपोलियनशी युद्ध चालू असताना, 1812 मध्ये, ब्रिटिश नौदलानं या फ्रिगेटची ऑर्डर दिली. लेडा वर्गाची ही रचना मूळची ब्रिटिशही नव्हती. 1782 साली पकडलेल्या एबे या फ्रेंच फ्रिगेटवरून ती उचललेली होती. आराखडे जावा नावाच्या जहाजावरून मुंबईला निघाले. वाटेत, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशननं जावाला गाठलं आणि डिसेंबर 1812 मध्ये तिचा निकाल लावला. आराखडे गेले. दुसरी प्रत यावी लागली. जहाजाचा कणा बसेपर्यंत 1816 उजाडलं. तोवर वॉटर्लू होऊन गेलं होतं आणि ज्या युद्धासाठी जहाज हवं होतं ते संपलेलं होतं.

त्याच जावावर आणखी एक प्रवासी होता, थॉमस हिस्लॉप. तो कैद झाला, सुटला आणि पुढे हिंदुस्थानात आलाच. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव करणाऱ्या फौजेचा सेनापती तोच. आणि तारखा बघा. त्रिंकोमाली मुंबईच्या पाण्यात उतरली 12 ऑक्टोबरला. खडकीला पेशव्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली 5 नोव्हेंबरला. मध्ये फक्त 24 दिवस. ज्या मोसमात मराठी राज्य बुडत होतं, त्याच मोसमात ते बुडवणाऱ्यांसाठी मुंबईत हे जहाज तयार झालं. रील बनवणाऱ्यानं ढोल वाजवण्याआधी एवढं तरी कॅलेंडर उघडून बघावं.

सागवानाचंही तसंच. लोक म्हणतात, आपलं सागवान होतं म्हणून टिकलं. बरोबर आहे. ओकच्या लाकडातल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात. सागवानातल्या तेलानं ते टिकतात. पण हे लाकूड कुणी कौतुकानं दिलेलं नव्हतं. 1806 साली मलबार आणि त्रावणकोरच्या जंगलांवर कॅप्टन वॉटसन नावाचा संरक्षक नेमला गेला. नाव संरक्षक, काम नौदलाला सागवान मिळवून देणं. लाकडावर सरकारी मक्तेदारी आली. लोकांचा संताप इतका वाढला की 1823 मध्ये ते पदच रद्द करावं लागलं. कारागीर आपले, जंगल आपलं आणि हुकूम मात्र त्यांचा. वाडियांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या हाताखाली ज्या सुतारांनी तासणी केली, त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव आपल्याला येतं का?

आता नोकरीकडे येऊ. 1819 साली त्रिंकोमाली पोर्ट्समथला पोहोचली आणि तिला लगेच राखीव ठेवण्यात आलं. वर छप्पर घातलं आणि ती 1845 पर्यंत, म्हणजे तब्बल 26 वर्षं, तशीच उभी राहिली. मग तिची डागडुजी झाली, मागची बाजू बदलली आणि चाळीसहून जास्त तोफांसाठी बांधलेल्या जहाजावर 26 तोफा ठेवण्यात आल्या. 1847 मध्ये, बांधल्यानंतर तीस वर्षांनी, तिची पहिली खरी कामगिरी सुरू झाली. उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिजच्या पाण्यात ती तीन वर्षं होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या गस्तीचं कामही त्यात होतं, हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. 1852 ते 1857 ती पॅसिफिकमध्ये होती. तिच्या नावावर एकही मोठी लढाई नाही.

पण लढाई नाही म्हणजे हात स्वच्छ असं नाही. 1856 मध्ये व्हँकुव्हर बेटावरच्या काउइचन खोऱ्यात एका स्थानिक माणसानं एका गोऱ्या वसाहतकऱ्यावर गोळी झाडली. गव्हर्नर जेम्स डग्लस त्रिंकोमालीवरून चारशेहून जास्त खलाशी आणि सैनिक घेऊन तिथे उतरला. त्या माणसाला पकडलं, जागच्या जागी खटला चालवला आणि त्याच्याच लोकांसमोर फाशी दिलं. तिथून जवळच्या एका सामुद्रधुनीला आजही या जहाजाचं नाव आहे.

काउइचन लोकांच्या डोळ्यांनी हे जहाज बघा. त्यांच्या खाडीत येऊन उभं राहिलेलं हे मुंबईचं सागवान त्यांना कसं दिसलं असेल? मुंबईतच 1813 साली बांधलेल्या कॉर्नवॉलिसचा अभिमानही असाच फिरतो: नानकिंगचा तह तिच्या डेकवर झाला म्हणे. झाला, 1842 मध्ये. पण तो चीनवर अफूच्या युद्धानंतर लादलेला तह होता आणि त्यातली बरीचशी अफू मुंबईच्याच बंदरातून गेलेली होती. जहाज आपलं म्हणायचं, तर त्यानं केलेलं कामही आपल्या खात्यात घ्यावं लागेल. जलावतरण आमचं आणि फाशी इंग्रजांची, अशी सोयीची वाटणी चालणार नाही.

आता मूळ प्रश्न: ती वाचली कशी? ‘भारतीय कारागिरी’ हे अर्धंच उत्तर आहे. मुंबईत अशी कितीतरी मजबूत जहाजं बांधली गेली. ती आज कुठे आहेत? 1860 नंतर त्रिंकोमाली राखीव दलाच्या खलाशांना शिकवण्यासाठी वापरली गेली, काही काळ याच हार्टलपूलमध्ये. 1897 मध्ये ती भंगारात विकली गेली. हो, इंग्रजांनीच विकली. त्याच वर्षी जॉफ्री व्हीटली कॉब नावाच्या एका श्रीमंत माणसाचं फुद्रोयां नावाचं जहाज ब्लॅकपूलला वादळात फुटलं. मुलांना शिडाच्या जहाजावर शिकवायला त्याला दुसरं जहाज हवं होतं. त्यानं भंगारवाल्याकडून त्रिंकोमाली घेतली आणि तिचं नाव फुद्रोयां ठेवलं. त्या नावानं ती 1986 पर्यंत मुलांना शिकवत राहिली.

म्हणूनच ‘गोऱ्यांना वारसा कळतो, आपल्याला कळत नाही’ हे उलट्या बाजूचं रडगाणंही मला मान्य नाही. पोर्ट्समथला त्रिंकोमालीच्या शेजारीच इम्प्लेकेबल नावाचं, ट्रफॅल्गरच्या लढाईतलं, जहाज होतं. डागडुजीचा खर्च परवडत नाही म्हणून डिसेंबर 1949 मध्ये ब्रिटिशांनी ते खोल समुद्रात नेलं आणि सुरुंग लावून बुडवलं. त्या कृत्याची लाज वाटलेल्या लोकांमधूनच पुढे तिथे जहाजं वाचवण्याची चळवळ उभी राहिली. वारसा कुणाच्या रक्तात नसतो. आधी लाज वाटावी लागते, मग पैसा आणि माणसं उभी करावी लागतात.

1987 मध्ये त्रिंकोमालीला हार्टलपूलला आणलं, तेही गाव निसर्गरम्य आहे म्हणून नव्हे. जहाजबांधणी बंद पडलेलं ते गाव होतं. तिथल्या कारागिरांनी नुकतंच वॉरियर नावाचं जुनं जहाज दुरुस्त करून दिलं होतं, म्हणजे हात तयार होते. 1990 ते 2001 काम चाललं. निम्म्याहून जास्त मूळ लाकूड टिकलं, बाकी बदललं. आणि ते काम संपलेलं नाही, कारण पाण्यावरच्या लाकडाचं काम कधीच संपत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नवी सिस्टीम लाइव्ह गेली की केक कापतात, फोटो निघतात. पाच वर्षांनंतर तीच सिस्टीम रात्री दोनला उठून चालू ठेवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. आपण जहाजांनाही नेमकं हेच केलंय.

विक्रांत आठवते? आपली पहिली विमानवाहू नौका. तिची कथा त्रिंकोमालीचीच उलटी प्रतिमा आहे. तिचा सांगाडा बांधला गेला टाइन नदीवर, हार्टलपूलच्या जरासा उत्तरेला. जलावतरण सप्टेंबर 1945 मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, अर्धवट अवस्थेत. भारतानं ती 1957 मध्ये विकत घेतली. 1961 मध्ये ती नौदलात आली आणि 1971 मध्ये तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. म्हणजे मुंबईत बांधलेलं आणि एकही मोठी लढाई न लढलेलं जहाज त्यांनी राखलं. त्यांनी बांधलेलं आणि आपल्यासाठी खरीखुरी लढाई लढलेलं जहाज आपल्याकडे आलं. त्याचं काय झालं?

1997 मध्ये विक्रांत निवृत्त झाली. मुंबईत तिचं संग्रहालय झालं, शाळांच्या सहली गेल्या. 2012 मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद पडलं. कायमच्या संग्रहालयाचे बेत कागदावर राहिले, कारण पैसे घालायला कुणी पुढे आलं नाही. 2014 मध्ये लिलाव झाला आणि मुंबईतच तिचे तुकडे पडले. त्या पोलादातून मोटरसायकली आल्या आणि त्यांच्या जाहिराती बघून आपल्याला भरूनही आलं. पुढे विराटसाठी सिंधुदुर्गात संग्रहालयाची योजना जाहीर झाली. ती गेली अलंगला, भंगारात.

इथे कुणीतरी म्हणेल की गरीब देशाला हे परवडत नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पोलादी महाकाय जहाज राखणं लाकडी फ्रिगेटपेक्षा कितीतरी महाग पडतं, आणि सगळी जहाजं राखता येत नाहीत, राखूही नयेत. पण मग विशाखापट्टणमनं कुरसुरा ही पाणबुडी 2002 पासून किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून कशी चालवली? तिथे जबाबदारी ठरवून कुणीतरी घेतली. मुंबईत समुद्र होता, गर्दी होती, पैसेवालेही होते. फक्त ‘दरवर्षी रंगाचा आणि डागडुजीचा खर्च कोण देणार’ या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

त्रिंकोमाली बघायला हार्टलपूलला जरूर जा, जमलं तर. तिचं रील शेअर करायलाही हरकत नाही. फक्त त्याखाली काउइचनचं नाव लिहा, खडकीची तारीख लिहा आणि विक्रांतच्या लिलावाचं सालही लिहा. 2022 मध्ये नवी विक्रांत कोचीहून नौदलात आली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. ती निवृत्त होईल तेव्हा आपण पन्नाशी-साठीत असू, मतदार असू, कर भरत असू. तिच्या डागडुजीचा खर्च कुठल्या खात्यातून जाणार, हे विचारायला तेव्हा उशीर झालेला असेल. आत्ता विचारायला हवं.