मतपेटीतून येणारे वीजबिल

२०२५च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलीकडे, अटलांटाच्या एका उपनगरात होतो. सकाळी फिरायला निघालो की घरांपुढच्या हिरवळीवर निवडणुकीच्या लहान लहान पाट्या खोचलेल्या दिसत. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होऊन वर्ष होत आलेले, जॉर्जियाच्या गव्हर्नरची अजून वर्षभर दूर. मग ही कसली धामधूम? संध्याकाळी जावयाला विचारले. तो म्हणाला, "बाबा, विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगाची निवडणूक आहे. दोन जागा आहेत."

मला आधी ती थट्टाच वाटली. पण खरेच, घरातल्या दिव्याचा दर किती असावा हे ठरवणारा माणूस तिथे मते मागत दारात येतो. नातीने सहज विचारले, "आजोबा, तुमच्याकडे कोण ठरवतं?" मी म्हटले, "आयोग." "त्यात कोण कोण असतं?" बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या, व्याजाच्या पाव टक्क्यावरून रात्र जागवलेल्या माणसाला एकही नाव सांगता आले नाही. "दर महिन्याला बिल आलं की चिडता मात्र तुम्ही," आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

अमेरिकेच्या पन्नासपैकी दहाएक राज्यांत हे दर-आयुक्त लोक निवडून देतात. जॉर्जिया, अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी, अ‍ॅरिझोना, नॉर्थ डकोटा ही त्यांतली काही. उरलेल्या बहुतेक ठिकाणी गव्हर्नर नेमणूक करतो. ही चाल आली रेल्वेपासून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावात एकच रेल्वे यायची आणि ती मागेल ते भाडे देऊन शेतकऱ्याला आपला कापूस, आपला गहू बाजारात न्यावा लागायचा. त्या संतापातून रेल्वे आयोग जन्मले. पुढे टेलिफोन आला, गॅस आला, वीज आली. यांच्याही तारा आणि नळ एकाच कंपनीचे. म्हणून तेही त्याच आयोगांकडे सोपवले गेले. टेक्सासच्या आयोगाचे नाव आजही रेल्वे आयोगच आहे. तो बघतो मात्र तेल आणि गॅस. रेल्वेचे उरलेसुरले कामही २००५ मध्ये त्याच्याकडून गेले. सरकारी पाट्या कामापेक्षा जास्त जगतात, हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नव्हे.

या खुर्चीची ताकद सर्वांत आधी नीट ओळखली ती लुइझियानाच्या ह्यूई लाँगने. जन्म १८९३चा. आधी फिरता विक्रेता, मग वकील, आणि राजकारणात शिरायची प्रचंड घाई. गव्हर्नर व्हायला तीस वर्षे पूर्ण असावी लागत. राज्याच्या रेल्वे आयोगाला मात्र वयाची अट नव्हती. १९१८ साली, पंचविसाव्या वर्षी, गडी निवडून आला. आल्या आल्या त्याने बलाढ्य स्टँडर्ड ऑइलच्या तेलवाहिन्यांवर हत्यार उपसले. (ज्या छोट्या तेल कंपन्यांची या बड्या कंपनीने कोंडी केली होती, त्यांचे शेअर खुद्द लाँगकडेही होते. लोकहित आणि स्वहित एकाच घोडागाडीत बसून निघाले की गाडी भरधाव सुटते.) मग टेलिफोन कंपनीची दरवाढ त्याने अडवली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जादा घेतलेले पैसे हजारो ग्राहकांना परत मिळाले. ज्याच्या हातात परताव्याचा चेक पडला, तो लाँगचे नाव कसा विसरणार? १९२४ मध्ये तो गव्हर्नरपदासाठी लढून हरला, १९२८ मध्ये जिंकला. पुढे सिनेटर झाला. रस्ते बांधले, मुलांना फुकट पाठ्यपुस्तके दिली, आणि सारे राज्य मुठीतही ठेवले. सप्टेंबर १९३५ मध्ये, त्यानेच उभारलेल्या विधानभवनात त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि दोन दिवसांनी तो मरण पावला.

रॉबर्ट पेन वॉरन यांची 'ऑल द किंग्ज मेन' ही १९४६ची कादंबरी लाँगच्याच सावलीत लिहिलेली, असे मानतात. मी ती तरुणपणी वाचली आणि अलीकडे पुन्हा वाचली. तिच्या नायकाची सुरुवात दर-आयोगात होत नाही. तो एका लहानशा परगण्याचा खजिनदार असतो आणि शाळेच्या बांधकामाच्या कंत्राटावरून वर येतो. कादंबरीकार म्हणून मला वॉरन यांची अडचण कळते. टेलिफोनच्या दरावरची सुनावणी कोण वाचणार! पण खरी सत्ता अशाच कंटाळवाण्या खोल्यांत बसते, हे बँकेतल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

लाँगनंतर ही वाट मळलेलीच झाली. 'यू आर माय सनशाइन' हे गाणे घरोघर नेणारे गायक जिमी डेव्हिस १९४२ मध्ये लुइझियानाच्या या आयोगावर आले आणि १९४४ मध्ये गव्हर्नर झाले. जॉन मॅककीथन याच खुर्चीतून गव्हर्नरच्या खुर्चीत गेले. २००५च्या कतरिना वादळात गव्हर्नर असलेल्या कॅथलीन ब्लँको यांनीही आधी या आयोगावर काम केले होते. नॉर्थ डकोटाचे केव्हिन क्रेमर आयोगावरून वॉशिंग्टनला पोहोचले आणि २०१९ पासून सिनेटमध्ये बसू लागले. मिसिसिपीचे ब्रँडन प्रेस्ली (एल्विस प्रेस्लीच्या नात्यातले) २०२३ मध्ये गव्हर्नरपदाच्या अगदी जवळ जाऊन हरले.

काहींना हीच खुर्ची आसऱ्याला आली. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय मुलांवर पोलिसी कुत्रे आणि आगीच्या बंबाचे फवारे सोडायला लावणारा बुल कॉनर आठवतो? त्याच वर्षी त्याचे शहरातले पद गेले. पुढच्या वर्षी अलाबामाच्या मतदारांनी त्याला राज्याच्या दर-आयोगाचा अध्यक्ष केले. १९७२ मध्ये हरेपर्यंत तो तिथे होता. विजेच्या दराचा आणि त्या कुत्र्यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. काहीच नाही. मतपत्रिकेवर ओळखीचे नाव होते, एवढेच.

आता या धंद्याचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. वीज कंपनीला मक्तेदारी मिळते. त्या बदल्यात तिने आयोगापुढे खर्च मांडायचा. आयोगाने तो तपासायचा, योग्य वाटेल तेवढा मान्य करायचा, आणि गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक नफा द्यायचा. जॉर्जियातल्या मुख्य कंपनीला २०२२च्या निर्णयात साडेदहा टक्के नफा मान्य झाला. म्हणजे कंपनी जितके जास्त बांधील, तितके तिचे भांडवल मोठे आणि तितका नफा मोठा. त्यामुळे "हे बांधू नका" असे म्हणण्याची हिंमत आयोगातच असावी लागते.

जॉर्जियात व्होगल येथे दोन नव्या अणुभट्ट्यांना २००९ मध्ये आयोगाने मंजुरी दिली. अंदाज होता सुमारे १४ अब्ज डॉलरचा. त्यावरच्या कर्जाचा खर्च २०११ पासून ग्राहकांच्या बिलातून घ्यायला सुरुवातही झाली, वीज तयार व्हायच्या कितीतरी आधी. एक भट्टी सुरू झाली जुलै २०२३ मध्ये, दुसरी एप्रिल २०२४ मध्ये. एकूण खर्च ३० अब्जांच्या पुढे गेला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यातले सुमारे साडेसात अब्ज ग्राहकांवर टाकायला आयोगाने संमती दिली. इकडे मतदारांच्या हक्काच्या एका खटल्यामुळे २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी आयोगाची निवडणूकच झाली नाही. मुदत संपलेले आयुक्त खुर्चीवर होते आणि बिले वाढत होती.

मग २०२५ साल उजाडले. निवडणूक आता टळणार नव्हती. जुलैमध्ये आयोगाने जाहीर केले की मूळ दर २०२८च्या अखेरपर्यंत गोठवले आहेत. लोकांनी हुश्श करावे अशीच बातमी. पण हेलीन वादळात कोसळलेल्या तारा-खांबांचा खर्च त्या गोठवणीत धरला नव्हता. त्याचा विचार २०२६ मध्ये, म्हणजे मतदान झाल्यावर, व्हायचा होता.

हे जावयाने सांगितले तेव्हा माझ्या पोटात कालवले. कारण ही युक्ती मी स्वतः केलेली आहे.

१९९४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथल्या एका उपसा जलसिंचन संस्थेचे हप्ते थकले होते. विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. संस्थेचे चेअरमन येऊन बसले. "साहेब, तेवढी निवडणूक होऊ द्या." वरूनही तसेच सुचवले गेले. मी हप्त्यांच्या पुनर्रचनेचा प्रस्ताव केला. कागदोपत्री सगळे नियमात होते, आजही कोणी तपासावे. सभासद खूश झाले. संस्थेच्या सभेत मला शाल-श्रीफळ मिळाले, आणि खोटे कशाला बोलू, बरेही वाटले. व्याज मात्र चढत राहिले. दोन वर्षांत माझी बदली झाली.

बारा वर्षांनी त्याच संस्थेचा एक सभासद मला एस.टी. स्टँडवर भेटला. मुलाच्या शिक्षणासाठी त्याला अर्धा एकर विकायचा होता, पण सातबाऱ्यावर संस्थेच्या कर्जाचा बोजा होता आणि आकडा ओळखू न येण्याइतका फुगला होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "साहेब, तवाच सांगितलं असतं, तर आम्ही तवाच फेडलं असतं. तवा रक्कम मोठी नव्हती." मला उत्तर सुचले नाही. त्याने मात्र मला चहा पाजला.

म्हणून निवडून आलेला दर-आयुक्त लबाड आणि नेमलेला साधू, असे मी म्हणणार नाही. टिमोथी बेस्ली आणि स्टीफन कोट या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवले की जिथे दर-आयुक्त निवडून येतात, त्या राज्यांत विजेचे दर कमी असतात. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. गव्हर्नर निवडताना माणूस शाळा, कर, गुन्हेगारी अशा शंभर गोष्टींचा विचार करतो. त्या गर्दीत विजेचा दर हरवतो, पण कंपनी आपली गोष्ट कधीच विसरत नाही. आयुक्ताला वेगळे मत दिले की तो विषय सुटा होतो. हे मला पटते. पण कंपनीलाही मतपेटीचा रस्ता ठाऊक असतो. अ‍ॅरिझोनातल्या वीज कंपनीच्या मूळ कंपनीने २०१४च्या निवडणुकांत एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम पडद्याआडून ओतली होती, हे २०१९ मध्ये उघड झाले. न्यू मेक्सिकोने तर निवडणुकीला रामराम ठोकून २०२३ पासून नेमणुकीची पद्धत घेतली.

आपल्याकडे एन्रॉनचा दाभोळ करार १९९३ मध्ये झाला, तेव्हा निवडलेला सोडाच, नेमलेला आयोगही नव्हता. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला १९९९ मध्ये. २००३च्या वीज कायद्यानुसार सदस्याची मुदत पाच वर्षे, वयाची मर्यादा ६५, त्याच पदावर फेरनेमणूक नाही, आणि पायउतार झाल्यावर दोन वर्षे व्यापारी नोकरी नाही. कायद्याने शिडीच काढून घेतली आहे, ही चांगली गोष्ट. दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी होते आणि कोणीही ग्राहक तिथे बोलू शकतो. मी आजवर एकदाही गेलेलो नाही. तिथे नाव माहीत असलेला पण पुढच्या पदावर डोळा ठेवणारा माणूस, इथे डोळा नसलेला पण नावच माहीत नसलेला. निवड करायची झाली तर मी तिथली निवडणूक घेईन आणि तिला आपल्या कायद्यातली बंदी जोडीन: आयोगावरून उठल्यावर काही वर्षे कोणतीही निवडणूक लढवता येणार नाही. ह्यूई लाँग अशा आयोगाकडे फिरकलाही नसता. टेलिफोनवाल्यांना परतावा मिळाला नसता, हे नुकसानही मी हिशेबात धरतो.

आणखी एक. आज टाळलेला प्रत्येक खर्च, त्यावर चढणारे व्याज आणि तो ज्या महिन्यात वसूल होणार तो महिना, हे प्रत्येक बिलावर मोठ्या अक्षरांत छापावे. आमच्या संस्थेच्या नोटीस-बोर्डावर एवढा एक कागद १९९४ मध्ये लागला असता तरी पुरे होते.

नोव्हेंबरच्या चार तारखेला मतदान झाले. मुलगी आणि जावई ऑफिसला जाण्याआधी मत देऊन आले. रात्री निकाल लागला. दर गोठवणारे दोन्ही आयुक्त, टिम एकॉल्स आणि फिट्झ जॉन्सन, पडले. अ‍ॅलिसिया जॉन्सन आणि पीटर हबर्ड हे दोघे डेमोक्रॅट साठ टक्क्यांहून अधिक मतांनी आले. त्या राज्यात त्या पक्षाला असे यश जवळजवळ दोन दशकांत मिळाले नव्हते. पण नव्यांनी खुर्ची घेण्याआधीच, डिसेंबरात, जुन्या आयोगाने सुमारे दहा हजार मेगावॅट नव्या विजेला मंजुरी देऊन टाकली, मुख्यतः डेटा सेंटरांसाठी. पराभूत दोघांचीही त्यावर मते पडली.

हबर्ड यांना मिळालेली मुदत फक्त वर्षभराची होती. २०२६च्या नोव्हेंबरात ती जागा पुन्हा मतदानाला जायची, आणि त्याच वर्षी वादळाच्या खर्चाचा कागद त्यांच्या टेबलावर यायचा. विमानतळावर निरोप घेताना जावयाने विचारले, "बाबा, तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?" तेवढ्यात आमच्या विमानाची घोषणा झाली. मी बॅग उचलली.