उपासनेंतील वहिवाट

वृद्धांच्या सोयीसाठीं म्हणून एक सुधारणा सध्यां ख्रिस्ती मंडळ्यांतून फिरूं लागली आहे. उपासनामंदिराच्या भिंतीवर पडदा टांगावयाचा, त्यावर गीताच्या चार चार ओळी प्रोजेक्टरनें पाडावयाच्या, आणि बांकांवरचीं गीतपुस्तकें गोळा करून कपाटांत घालावयाचीं. कारणें दोन सांगतात: वृद्धांना बारीक टाईप दिसत नाहीं आणि तरुणांना जुनी मराठी कळत नाहीं. ज्या वृद्धांच्या नांवानें हा दावा दाखल झाला आहे, त्यांची साक्ष मात्र कोणीं काढलेली दिसत नाहीं. त्यांचें वकीलपत्र आम्ही, कोणीं न देतां, घेत आहों.

आम्ही राहतों इंदुरांत, पलासियांत. कॅनडाचें प्रेस्बिटेरियन मिशन येथें १८७७ त आलें. त्यानें इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ त काढलें. माळव्यांत उपासना हिंदींतून चालावी हें स्वाभाविकच होय. पण हें शहर होळकरांचें. नोकरीचाकरीच्या निमित्तानें इकडे आलेलीं जीं थोडीं मराठी ख्रिस्ती कुटुंबें आहेत, तीं रविवारीं हिंदींत गातात आणि संध्याकाळीं घरीं 'उपासना-संगीत' काढून बसतात. अशा घरांतील आजीबाईला भाषा, माहेर आणि धर्म हीं तिन्ही एकाच बांधणींत सांपडतात. तिला अक्षरें दिसत नाहींत, हें खरें. परंतु ती वाचते कोठें? गीताचा क्रमांक उच्चारला कीं ओठ सुरू होतात. पुस्तक असतें तें हातांत धरण्यासाठीं.

आणि त्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर काय असतें? मुलांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नें, यजमानांच्या मृत्यूची तारीख. कुटुंबाची वंशावळ किंवा थडग्यावरचा लेख यांना १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें नात्याच्या बाबतींत ग्राह्य मानलें, आणि २०२३ च्या नव्या अधिनियमानेंही तें तत्त्व सोडलेलें नाहीं. न्यायालय ज्याला मान देतें, त्याला मंडळीची कमिटी रद्दींत काढावयास निघते, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आतां जुन्या मराठीविषयीं. या गीतांतील उत्कृष्ट वांटा ज्यांचा, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ त ख्रिस्ती झाले आणि १९१९ त वारले. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. परदेशी चालींत कोंबलेल्या भाषांतरांनीं महाराष्ट्राचा कंठ मोकळा होत नव्हता. अभंग, ओवी, भजन यांतून तो त्यांनीं मोकळा केला. त्यांच्याही पूर्वीं अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती पदें आणि कीर्तनें करीत होते. ही मराठी कळत नाहीं म्हणतात! वारकऱ्याच्या घरचें सहा वर्षांचें पोर हरिपाठ म्हणतें. त्याला त्याचा अर्थ कोणीं विचारीत नाहीं, आणि तो पुढें आयुष्य येऊन सांगतें. तरुण हेंच पद आजीच्या शेजारीं बसून चार वेळां गातील तर त्यांनाही कळेल. शेजारीं न बसतां पडद्याकडे पाहणाराला तें कळणार नाहीं, यांत दोष मराठीचा खास नव्हे.

नवीं गीतें नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. टिळकांचीं पदेंही एके काळीं नवींच होतीं. परंतु त्यांनीं जुन्या पदांच्या हातांतून बांक हिसकावून घेतला नाहीं.

१८८२ च्या कायद्याप्रमाणें एखाद्या वाटेनें वीस वर्षें उघडपणें, निर्वेधपणें, हक्कानें गेल्यास वहिवाटीचा हक्क जडतो. हा कायदा गीतांना लागू नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. वकील असल्यामुळें अधिकच ठाऊक आहे. तरी ज्या बाईनें साठ वर्षें एकाच गीतानें प्रभुभोजनाला जावें, तिची वाट एका बैठकींतील ठरावानें बंद करतांना निदान तिला नोटीस तरी द्यावी कीं नाहीं?

कोंकणी वाचकांस हें निराळ्या रीतीनें सांगावयास नको. फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ त राशोलला छापलें गेलें. दहा हजारांवर ओव्या. १६८४ त गोंव्याच्या सरकारनें लोकभाषेवरच फर्मान काढलें. सतराव्या शतकांतील छापील प्रत आज हातीं लागत नाहीं. पण ग्रंथ राहिला, कारण लोकांनीं तो गाइला आणि हातांनीं उतरून काढला, आणि तशा हस्तलिखितांवरून १९०७ त तो मंगळुरास पुन्हा छापतां आला. तें पुराण भिंतीवरच्या उजेडांत असतें तर फर्मानाचीही गरज पडली नसती. दिवा मालवणें पुरे झालें असतें.

पडद्याचा सर्वांत मोठा दोष हा कीं तो मंदिरांतच राहतो. वृद्ध तर मंदिरांत येईनासे होतात! गुडघे राहतात, मग डोळे, मग पुष्कळदां स्मृति. पोटच्या मुलाचें नांव विसरलेलें माणूस लहानपणचें गीत अखेरपर्यंत म्हणूं शकतें, हा अनुभव शुश्रूषा करणारांना सर्वत्र येतो, आणि स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनींही त्याची नोंद घेतली आहे. पाळकसाहेब खाटेशीं येतात तेव्हां ते काय घेऊन येणार? प्रोजेक्टर? तेथें लागतें तें पुस्तक, आणि दुसरा सूर धरणारा कोणी तरी. आज तरुणांना तीं गीतें शिकविलीं नाहींत, तर उद्यां खाटेशीं दुसरा सूर धरणारा मिळणार नाहीं.

बारीक टाईपाची तक्रार खरी आहे आणि तिचा उपाय सोपा आहे: टाईप मोठा करा. टिळकांच्या रचनांवर आतां कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाहीं. १९५७ च्या कायद्यांतील मुदत, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें धरली तरी, केव्हांच संपली. प्रत्यक्ष उपासनेंत गीत गाण्यास तर त्या कायद्याची आडकाठी मुळींच नाहीं. तेव्हां वृद्धांना पाठ असलेलीं, त्यांनींच निवडलेलीं शेंसव्वाशें गीतें मोठ्या ठळक अक्षरांत, जुने क्रमांक मुळींच न बदलतां, छापावीं. कागद जाड नको. दुखऱ्या मनगटांना पुस्तक पेललें पाहिजे. शेवटीं चार पानें कोरीं ठेवावींत. पडद्यासाठीं जमविलेल्या वर्गणींत हें काम सहज होईल. आणि कपाटांत गेलेलीं पुस्तकें येत्या रविवारच्या आंत बाहेर काढून, ज्यांचीं त्यांस, पहिल्या पानावरचें नांव पाहून, परत करावीं.