पोरं डांबरी रस्त्यावर का धावतात?

5 मिनिटं 10 सेकंद.

चिखला, सीतासावंगी, गोबरवाही, नाकाडोंगरी, आपल्या भागातल्या कुठल्याही गावातल्या विशीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारा, हा आकडा कशाचा? लगेच सांगेल. पोलीस शिपाई भरतीत 1600 मीटर एवढ्या वेळात पळालं की 20 पैकी 20 गुण. मुलींसाठी 800 मीटर आणि 2 मिनिटं 50 सेकंद. मैदानी परीक्षा 50 गुणांची, त्यातले 20 एकट्या या धावण्याचे. वनरक्षक व्हायचं तर मुलांना 5 किलोमीटर, मुलींना 3 किलोमीटर. अग्निवीरला पुन्हा 1600 मीटर, साडेपाच मिनिटांत.

म्हणजे आपल्याकडे धावणं हा काही निव्वळ हौसेचा मामला नाही. शहरात लोक वजन कमी करायला धावतात, मेडल गळ्यात घालून फोटो काढतात. चांगली गोष्ट आहे, नावं ठेवायचं कारण नाही. आपल्याकडेही साखर निघाल्यावर डॉक्टरांनी पिटाळलेले काका-काकू सकाळी चालतात, खाणीतून रिटायर झालेले लोक चालतात. पण पहाटे साडेचारला जी पावलं वाजतात ती बहुतेक नोकरीसाठी वाजतात. दीड-दोन एकर धानाची शेती आणि घरात तीन भावंडं असली की वर्दी हा घर सावरायचा एक रस्ता असतो.

आणि हे सगळे धावतात कुठे? डांबरी रस्त्यावर. ज्या रस्त्याने मँगनीजचे ट्रक जातात, रेतीचे टिप्पर जातात, खाणीच्या पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकली दामटत जातात, त्याच रस्त्यावर. अंधारात.

यावर आज जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण घरात कोणी सकाळी धावायला जात असेल तर पूर्ण वाचा.

आधी दोन बातम्या आठवून देतो. 19 जानेवारी 2025, बीड जिल्हा. बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरी फाट्याजवळ पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं धावत होती. एसटी बसने उडवलं. तिघं गेली. 7 ऑगस्ट 2025, आपल्या शेजारचा गडचिरोली जिल्हा. काटली गावची सहा मुलं पहाटे व्यायामाला रस्त्यावर गेली होती. ट्रक अंगावर आला. चार मुलं गेली, दोन जखमी मुलांना हेलिकॉप्टरने नागपूरला न्यावं लागलं. गावकरी रस्त्यावर बसले, मुख्यमंत्र्यांनी मदत जाहीर केली.

त्यानंतर बरोबर पाच दिवसांनी, 12 ऑगस्टला, मंत्रिमंडळाने राज्यात सुमारे 15 हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. भरती हवीच, तिचं स्वागतच आहे. पण प्रत्येक भरती निघाली की राज्यभर हजारो पोरं पुन्हा पहाटेच्या रस्त्यावर उतरतात, आणि ती धावणार कुठे हा प्रश्न त्या मंजुरीच्या कागदावर कुठेच नसतो.

हे फक्त खेड्यातलं दुखणं आहे असंही नाही. मार्च 2023 मध्ये मुंबईत वरळी सी फेसवर सकाळी धावायला निघालेली एक महिला भरधाव कारच्या धडकेत गेली. जुलै 2025 मध्ये पंजाबात फौजा सिंग गेले. वयाच्या 89 व्या वर्षी पहिली मॅरेथॉन धावलेला, 114 वर्षांचा जगप्रसिद्ध धावपटू. म्हातारपण त्यांना हरवू शकलं नाही. आपल्याच गावाजवळ रस्त्यावर कारने धडक दिली. केंद्राच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं मेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. जवळपास दर पाचवा माणूस.

आता लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. "पोट्टे कानात बोंडं घालून मधातून पळते, मंग का होईन?" खरं आहे, काही सवयी वाईटच आहेत. पण आधी हे समजून घ्या की पोरं रस्ताच का निवडतात. मी विचारतो तेव्हा उत्तरं साधी असतात. शाळेचं मैदान गेटबंद. गावठाणाची मोकळी जागा असते तिथं पावसाळ्यात गाळ, नंतर गोट्यांचा उकिरडा, धानाचे पुंजणे, नाहीतर लग्नाचा मांडव. बांधावर पाय मुरगळतो. रस्ता सपाट असतो, आणि किलोमीटरचे दगड असल्यामुळे अंतर मोजलेलं असतं. "रोडवर टायमिंग समजते भाऊ." पोरांचं गणित चुकीचं नाही. त्यांना मोजलेलं अंतर पाहिजे आणि गावात मोजलेलं अंतर फक्त सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दगडांवर आहे.

मुलींचं तर आणखी अवघड. एकटी पाठवत नाहीत, म्हणून बाप नाहीतर भाऊ मागून गाडीचा लाईट लावून हळूहळू येतो. प्रेम आहे, काळजी आहे, पण त्या लाईटमागून येणाऱ्या टिप्परवाल्याला नुसती एक मोटारसायकल दिसते. तिच्यापुढे पोरगी धावते आहे हे त्याला ओव्हरटेक करताना कळतं.

जरा हिशोब करू. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते. ड्रायव्हरने बघितलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. 25 मीटर गाडी तशीच पुढे गेली, अजून ब्रेक लागलेलाच नाही. काळा टी-शर्ट घातलेला पोरगा डिपर लाईटमध्ये बऱ्याचदा दिसतोच तेवढ्या अंतरावरून. भरलेली गाडी आणि ओला रस्ता असेल तर पुढचं सांगायला नको. शिवाय पहाटे तीन ते पाच ही रात्रभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरची सगळ्यात जास्त डुलकीची वेळ. आपलं पोरगं सगळ्यात ताजं असतं तेव्हा समोरचा सगळ्यात थकलेला असतो.

म्हणून मैदान मिळेपर्यंत निदान एवढं तरी पाळा. पोरांनो, हे तुमच्यासाठी.

1. उजव्या बाजूने धावा. समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसली पाहिजे. पाठीमागून येणारी गाडी दिसत नाही आणि तिच्यापासून उडी मारता येत नाही. वळण आंधळं असेल तिथे धावणं थांबवून कडेने चाला.

2. काळे कपडे बंद. पांढरा, पिवळा, भगवा, काहीही चालेल. त्यावर रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात ते चमकणारं जाकीट सगळ्यात उत्तम. ते नसेल तर चमकणारी पट्टी बुटाला आणि दंडाला लावा. हलणारी पट्टी लवकर नजरेत भरते.

3. कानातलं काढा. दोन्ही कानांत गाणं असेल तर हॉर्नही ऐकू येत नाही आणि मागचं कुत्रंही.

4. चौघं-चौघं हातात हात घातल्यासारखे आडवे धावू नका. एकामागे एक. गप्पा परत येताना मारा.

5. टायमिंग रोज घेऊ नका. जीव तोडून 1600 मीटर आठवड्यातून एक-दोनदा पुरे, बाकी दिवस सावकाश जास्त अंतर. रोज डांबरावर फुल स्पीड मारली की पायाच्या नळ्या दुखायला लागतात आणि भरतीच्या दिवशीच पोरगं लंगडतं. दुखणं वाढत असेल तर स्प्रे मारून पळू नका, थांबा.

6. बूट. घासून गुळगुळीत झालेल्या कॅनव्हासवर भरती काढू नका. महागडे नकोत, पण टाचेला गादी असलेले घ्या. घरच्यांनो, मोबाईलच्या कव्हरआधी बूट.

7. उन्हाळ्यात उजाडल्यावर लगेच आटपा. आपल्याकडचं ऊन मी सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत 10 किलोमीटर धावताना दहापेक्षा जास्त उमेदवार दगावले होते. चक्कर, मळमळ, डोळ्यापुढे अंधारी आली की "आणखी एक राऊंड" म्हणू नका. सावलीत बसा, अंग ओलं करा. पोरगं बरळायला लागलं तर थेट दवाखाना.

8. मोहफुलं पडायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, जंगलाकडचा रस्ता पहाटे टाळा. अस्वलालाही मोह आवडतो आणि त्याची वेळही तीच. पावसाळ्यात बॅटरी हातात ठेवा, मण्यार रात्री फिरणारा साप आहे. कुत्रं मागे लागलं तर पळू नका, थांबून तोंड त्याच्याकडे करा. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या.

9. एका चिठ्ठीवर नाव, घरचा नंबर, रक्तगट लिहून खिशात ठेवा. ऐकायला अशुभ वाटतं, पण अपघातात ओळख पटायला तास-दोन तास जातात ते वाचतात.

आणि मुलींसोबत जाणाऱ्या बाप-भावांनो, गाडी मागे लावू नका. गाडी कडेला उभी करा, तुम्ही पण चाला. तुमची साखरही कमी होईल.

ड्रायव्हर भावांनाही एक सांगणं. गाव लागलं की वेग कमी करा, पहाटे तर नक्कीच. आणि अपघात झाला तर पळू नका, 108 ला फोन करा. रस्त्याने जाणाऱ्यांनीही घाबरू नये. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, तसं संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आहे, कलम 134-अ. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडली नाही तरी केंद्राच्या योजनेतून मृताच्या घरच्यांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार मिळतात. गावात कोणावर अशी वेळ आली असेल तर सांगा, अर्ज करायला लावा.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. नऊच्या नऊ नियम पाळले तरी रस्ता तो रस्ताच. काटलीची मुलं रस्त्याच्या कडेला होती. डुलकी लागलेल्या ड्रायव्हरसमोर पिवळा टी-शर्ट काय करणार? पोरांना शिस्त शिकवून मोकळं होणं सोपं आहे. आपण मोठी माणसं, ग्रामपंचायत, खाण, प्रशासन, आपलं काम काय ते बोललं पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. स्टेडियम नको, उद्घाटनाची फीतही नको. 400 मीटरचा पूर्ण ट्रॅक करायचा तर चारेक एकर लागतात, ते प्रत्येक गावाला जमणार नाही. पण 200 मीटरचा गोल एकरभर जागेत आरामात बसतो. आठ चक्कर मारले की 1600, चार मारले की 800. मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, पाणी निघायला उतार द्यायचा, चुन्याची रेघ मारायची, चार खांबांवर दिवे. बस. एवढ्यात गावातली पोरंपोरी रस्त्यावरून मैदानात येतात, आणि म्हातारी माणसंही.

पैसा कुठून? आपला भाग खाणीचा आहे. जमिनीखालचं मँगनीज देशभर जातं, त्याच्या बदल्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित गावांसाठी असतो, आणि शिक्षणाच्या कामांमध्ये क्रीडासुविधा बसतात. कंपन्यांचा सीएसआर असतो. राज्याच्या क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, तिच्यात ग्रामपंचायतही अर्ज करू शकते. पैसा नाही असं कोणी सांगितलं तर या तीन नावांची यादी पुढे करा.

आणि एक काम तर बिनपैशाचं आहे. शाळेच्या मैदानाचं गेट पहाटे साडेचार ते साडेसहा उघडं ठेवा. चावी कोणाकडे, तोडफोड झाली तर जबाबदार कोण, हे प्रश्न बरोबर आहेत. भरतीच्या पोरांचीच पाच जणांची समिती करा, चावी त्यांच्याकडे द्या, वहीत सही घ्या. उद्या जे गावाचा बंदोबस्त सांभाळणार आहेत त्यांना शाळेचं एक गेट सांभाळता येईल.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. यातली जी तारीख आता पुढे येईल त्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. तोंडी बोललं की हवेत जातं. अर्जाची पोच घ्या, ठराव झाला तर त्याची नक्कल मागा. आणि धावणाऱ्या पोरांनो, त्या दिवशी तुम्ही स्वतः या. ग्रामसभेत तुमची खुर्ची नेहमी रिकामी असते, म्हणून तुमचं मैदान कोणाच्या लक्षात राहत नाही.

तुमच्या गावात पहाटे पोरं कुठे धावतात, मैदान आहे का, गेट उघडं असतं का, फोटोसह खाली टाका. गावनिहाय यादी करतो आणि तहसीलदार साहेबांपर्यंत नेतो.

उद्या सकाळी घरातलं पोरगं निघेल तेव्हा फक्त त्याच्या टी-शर्टचा रंग बघा. काळा असेल तर बदलायला लावा.