सेनियोचा काठ, बर्लिनचा विजय आणि श्रेयाचे अपहरण

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वाचा इतिहास भांडवली लेखणीतून उतरतो तेव्हा तो ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सुरू होतो. त्या किनाऱ्यावर रक्त सांडणाऱ्या सामान्य सैनिकांचे शौर्य कोणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो नाझी सैन्ययंत्रणेचा कणा कोठे मोडला हा. २२ जून १९४४ रोजी बेलोरशियात लाल सेनेची ‘बाग्राशियान’ मोहीम सुरू झाली आणि दोन महिन्यांत जर्मन ‘मध्य’ सेनासमूह उद्ध्वस्त झाला. १९४५ च्या जानेवारीत ती सेना व्हिस्टुलापासून ओडरपर्यंत धडकली आणि १६ एप्रिलला बर्लिनवरील निर्णायक हल्ला सुरू झाला. एकट्या त्या लढाईत सुमारे ८० हजार सोव्हिएत सैनिक धारातीर्थी पडले. संपूर्ण युद्धात सोव्हिएत जनतेने सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, म्हणून हा हिशेब रद्द होत नाही.

श्रेयाचे दुसरे अपहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर खोऱ्यात लढले. तुकडीतील बाकी सारे मृत वा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने मशिनगनचे ठाणे काबीज केले आणि तेथेच प्राण ठेवला. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी सुरुंगांतून दोन जखमी सोबत्यांना बाहेर काढले व नंतर शत्रूची मशिनगन ठाणी उद्ध्वस्त केली. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २ मे १९४५ या एकाच दिवशी बर्लिनमधील जर्मन सैन्याने शस्त्रे टाकली आणि इटलीतील जर्मन शरणागती अमलात आली.

परंतु या शूरांना पदक देणाऱ्या सत्तेने त्यांच्या देशाला काय दिले? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय जनतेला न विचारता हा देश युद्धात लोटला. सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. अटलांटिक सनदेतील स्वयंनिर्णयाचे तत्त्व भारताला लागू नाही, असे चर्चिल यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये पार्लमेंटात बजावले. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे अन्नान्न करीत मेली. युरोपात स्वातंत्र्याचा जयघोष आणि भारतात गुलामीची बेडी, हाच साम्राज्यशाहीचा लोकशाहीवाद होता.

म्हणून घाडगे-जाधवांच्या शौर्याचा गौरव साम्राज्याच्या गौरवात विरघळू देता कामा नये. फॅसिझमविरोधी लढा त्यांचाही होता. साम्राज्य त्यांचे नव्हते. युद्ध संपून वर्ष लोटण्याआधीच, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत नौसैनिकांनी बंडाचे निशाण उभारले. २२ फेब्रुवारीला गिरणगावातील कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरले आणि ब्रिटिश गोळीबारात शेकडो बळी पडले. फॅसिझमच्या पराभवाने साम्राज्यशाहीच्या पायाखालची वाळूही सरकली होती.

इटलीतील मोंतोने येथे २०२३ मध्ये घाडगे यांचे स्मारक उभे राहिले, हे योग्यच झाले. मात्र पदकाच्या गोष्टीबरोबर गुलामीची गोष्ट आणि सेनियोच्या गोष्टीबरोबर बर्लिनची गोष्ट सांगितली जाईल, तेव्हाच तो इतिहास पुरा होईल. हे काम राज्यकर्त्यांवर सोपवून चालणार नाही. ते श्रमिक जनतेच्या संघटनांनाच शाखाशाखांतून करावे लागेल.