दोन किलो कमी पडले



वजन कमी करायचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसतं का, हे हल्ली उधन्यापासून डिंडोलीपर्यंत आपल्या घरांत विचारलं जातं. बसतं. पण ते कोणाला बसतं, यावर माझं भांडण आहे.

आधी नियम सांगतो. विमा नियामक आयआरडीएआयनं २७ सप्टेंबर २०१९ ला पॉलिसीतून काय वगळता येईल याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकच केली. त्यानुसार रुग्ण १८ वर्षांचा तरी हवा, ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्यानं हवं आणि बीएमआय ४० किंवा वर हवा. ३५ च्या वर असेल तर सोबत मोठा आजार लागतो : आटोक्यात न येणारा टाइप-२ डायबेटिस, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, लठ्ठपणानं कमजोर झालेलं हृदय किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास. त्यातही साधे उपाय करून वजन उतरलं नाही, हे दाखवावं लागतं. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं.

आता आमच्या वहिनींचं. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. भागाकार ३४.१. साखर तीन गोळ्या आणि इन्सुलिन घेऊनही हाताबाहेर, पायाला मुंग्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू झालेल्या. पॉलिसीला सहा वर्षं झालेली, एकही हप्ता चुकलेला नाही. कॅशलेसचा अर्ज परत आला. ३५ ला साधारण दोन किलो कमी पडले! हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसानं भावाला हळूच सांगितलं, "भाऊ, महिनाभर खाऊ द्या त्यांना, मग परत पाठवू." तो बिचारा मदतच करत होता. पण नियम असा की डायबेटिसच्या बाईला आधी घारी खाऊन वजन वाढव म्हणायचं, म्हणजे मग तिला बरं करता येईल. वहिनींनी साफ नकार दिला.

हा ४० आणि ३५ चा आकडा आला कुठून? १९९१ साली अमेरिकेत तज्ज्ञांची एक परिषद झाली, तिनं तो ठरवला. तिथल्या माणसांसाठी, त्या काळातल्या ऑपरेशनसाठी. २०२२ मध्ये अमेरिकेच्या आणि जगभरच्या या क्षेत्रातल्या सर्जनांच्या संघटनांनीच तो मोडीत काढला. आता त्या म्हणतात, ३५ च्या वर दुसरा आजार नसला तरी चालेल, डायबेटिस असेल तर ३० पासून, आणि आशियाई माणसांत २७.५ पासूनच विचार करावा. आपल्या पॉलिसीत मात्र अजून जुनाच आकडा.

आपल्यासाठी आकडा वेगळा का, याचा पुरावा पुण्यातला आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवतो आणि आत दुपटीहून जास्त फरक! मग अमेरिकेच्या मापानं वहिनींचं पोट मोजून काय कळणार?

कोणी म्हणेल, सवलत दिली तर सगळेच पळत येतील आणि प्रीमियम वाढेल. पोटाचं ऑपरेशन हौसेनं कोण करून घेतो हो? आणि उद्या याच वहिनींना बायपास किंवा डायलिसिस लागलं, तर हीच पॉलिसी वजन न विचारता पैसे देणार आहे. मग तेव्हा द्यायचे ते आता द्या ना. "सुरतचं जमण" म्हणून हसणारेही भेटतात. भाकरी-भाजी खाणाऱ्या बाईला लोचोचा टोमणा मारायचा, हे आपल्याच नातेवाइकांचं काम.

ज्यांचा आकडा ३५ च्या वर आहे त्यांनी मात्र कागद जपा. आपली माणसं भात सोडतात, पहाटे चालतात, उपास धरतात, पण त्याची नोंद कुठंच नसते, आणि कंपनी "उपाय केल्याचा पुरावा द्या" म्हणते. दर वेळी डॉक्टरांकडून केस पेपरवर वजन आणि आहाराचा सल्ला लिहून घ्या. पॉलिसी काढताना एजंट वजन कमी लिहायला सांगेल, ऐकू नका. नकार आला तर तो लेखीच मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्ष.

वहिनींच्या बाबतीत लोकपाल फार काही करू शकतील असं मला वाटत नाही, कारण पॉलिसीत ३५ असंच छापलंय. तिथं नियामकानंच आकडा बदलायला हवा, आणि तसं पत्र मी हैदराबादला त्यांच्या कार्यालयाला पाठवलंय. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा, दुसरं पत्र सगळ्यांच्या नावानं जाईल.