कबुलीनंतर अपिलाचे दार किती उघडे?

धनादेश न वटल्याचा खटला दोन-तीन वर्षे रेंगाळला की व्यापारी कुटुंबात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा.’ तारखांना जाऊन पेढीचे काम खोळंबते, घरातील वडीलधारी माणसे खचतात. अशा वेळी हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. परंतु कबुलीनंतर हाती नेमके काय उरते, याचा विचार सहीपूर्वीच व्हायला हवा.

येथे तीन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली तडजोडीची. फिर्यादीचे पैसे चुकते झाले आणि त्याच्या संमतीने प्रकरण मिटले, तर आरोपी निर्दोष ठरतो. दुसरी वाट न्यायालयात सरळ गुन्हा कबूल करण्याची. त्यावरून दोषी ठरविल्यास दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्याच मुद्द्यावर दाद मागता येते.

तिसरी वाट ‘प्ली बार्गेनिंग’ची, म्हणजे कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेच्या समझोत्याची. पूर्वी आपल्या न्यायव्यवस्थेला ती मान्य नव्हती. गुजरातमधील अन्नभेसळीच्या एका खटल्यात असा सौदा झाला होता. उच्च न्यायालयाने पुढे शिक्षा वाढविली. पण सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ती दोषसिद्धीच रद्द करून खटला नव्याने चालविण्यास सांगितले. शिक्षा हलकी होईल या आशेने निरपराध माणूसही कबुली देईल, ही भीती त्यामागे होती.

पुढे कायदा बदलला. 5 जुलै 2006 पासून ही पद्धत अमलात आली आणि 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे तसेच स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे तिच्या कक्षेत येत नाहीत. आरोप निश्चित झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. या संहितेच्या कलम 295 नुसार असा निकाल अंतिम असतो. अपील नाही, केवळ उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका एवढेच उरते. शिक्षा जड वाटली किंवा मन बदलले, म्हणून ही दारे उघडत नाहीत. कबुली दबावाखाली घेतली गेली किंवा विहित कार्यपद्धती डावलली गेली, असे ठोस कारण लागते.

म्हणूनच अर्जानंतरचा एक टप्पा मोलाचा आहे. न्यायाधीश दुसऱ्या पक्षाला दूर ठेवून, बंद दालनात आरोपीला विचारतात : हा अर्ज स्वेच्छेने केला आहे ना? घरच्यांच्या आग्रहाखातर किंवा वकिलाने सांगितले म्हणून ‘होय’ म्हणणारा माणूस आपल्या बचावाचा सर्वांत भक्कम आधार तेथेच सोडून देतो. पुढे दबावाची तक्रार केली, तर हेच उत्तर त्याच्यापुढे ठेवले जाते.

धनादेश खरोखर देण्यापोटी दिला असेल, तर रक्कम चुकती करून तडजोड करणे केव्हाही श्रेयस्कर. तो केवळ तारण म्हणून कोरा दिला असेल आणि त्याचा पुरावा हाती असेल, तर कबुलीची घाई नको. रोजमेळातील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची नोंद करून सावरता येते. न्यायालयातील कबुलीला तशी दुरुस्ती क्वचितच मिळते.