एक नाव, अनेक कप्पे

एकाच माणसाचा क्रमांक एका कप्प्यात, निरोप दुसऱ्यात, फेसबुकवरील वार्ता तिसऱ्यात; स्मार्टफोनमधील ही विस्कळीत मांडणी एकत्र आणण्याचे तीन प्रयत्न उल्लेखनीय आहेत. २००९ साली पाम कंपनीच्या ‘सिनर्जी’ने एका व्यक्तीची निरनिराळी खाती एकाच नावाखाली आणली. त्याच वर्षी मोटोरोलाच्या ‘मोटोब्लर’ने सर्वांच्या वार्ता दर्शनी पडद्यावर मांडल्या. २०१० मध्ये विंडोज फोनच्या ‘पीपल हब’ने माणसे आणि त्यांच्या वार्ता एका दालनात आणल्या. तिघांत ‘सिनर्जी’ मला अधिक नेटकी वाटते. परंतु आज तिन्ही अस्तंगत झाली आहेत.

परवा एका निवृत्त स्नेह्यांचा फोन बिघडला, तेव्हा स्वतःच्या मुलीचा क्रमांकही त्यांना आठवेना. वाचकहो, सोयीचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र आप्तेष्टांचे क्रमांक घरच्या वहीतही उतरवून ठेवावेत.